गहाण पडलेली बेटं: माल्टाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात भूमध्य समुद्रातल्या किल्ल्यांबद्दल लिहिताना माल्टाच्या १५६५ च्या वेढ्याला मी जेमतेम एक परिच्छेद दिला होता, आणि त्या एका परिच्छेदावर एवढे मेल आणि पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर माल्टालाच देतोय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत. माझा या बेटांवर जीव आहे, त्यामुळे काही उत्तरं लांबलीयत, सांभाळून घ्या.

प्रश्न (सातारा): माल्टा नकाशात शोधायला भिंग लागतं. तिथे तुर्कांच्या सुलतान सुलेमानाने तीस-चाळीस हजारांची फौज पाठवली असं तुम्ही लिहिलंत. एवढ्याशा बेटात होतं तरी काय?

बंदर होतं. बाकी काहीच नव्हतं. नदी नाही, जंगल नाही, सोनं-चांदी नाही, माती इतकी पातळ की दगडी बांध घालून ती धरून ठेवावी लागते. माल्टा, गोझो, कोमिनो आणि उरलेले दोनचार ओसाड खडक, सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही कमी. पण जागा बघा, सिसिलीपासून साधारण ९० किलोमीटरवर, भूमध्य समुद्राच्या बरोबर कमरेत, आणि मोठ्या बेटाच्या ईशान्येला समुद्र जमिनीत असा खोल शिरलाय की आत आरमारच्या आरमार उभं राहावं आणि बाहेरच्या वादळाचा आत पत्ताही लागू नये. हे बंदर ज्याच्याकडे त्याच्याकडे पूर्व-पश्चिम रस्त्याची चावी. म्हणून फिनिशियन आले, कार्थेजवाले आले, इ.स.पू. २१८ मध्ये रोमन, मग बायझंटाइन, ८७० मध्ये अरब, १०९१ मध्ये नॉर्मन, मग अरागॉनचे राजे.

आता मला यातली जी गोष्ट सगळ्यात जास्त लागते ती सांगतो. १४२० च्या दशकात अरागॉनचा राजा आल्फॉन्सो याला लढायांसाठी पैसा हवा होता, तर त्याने ही बेटं ३०,००० सोन्याच्या फ्लोरिनांच्या बदल्यात गहाण टाकली, आपण दागिना टाकतो तशी, माणसांसकट. ती शेवटी मोनरॉय नावाच्या सरदाराच्या हातात गेली. बेटावरचे लोक उठले आणि म्हणाले पैसे आम्ही भरतो, आम्हाला सोडवा. या दगडाळ गरीब बेटावरून ती रक्कम गोळा करायला घेतली आणि १४२८ मध्ये राजाने लेखी वचन दिलं की ही बेटं पुन्हा कधीही कुणाला देणार नाही. पुढच्याच वर्षी ट्युनिसच्या हाफसिद घराण्याच्या आरमाराने हल्ला करून हजारो माणसं पकडून नेली, तरी लोक तिथेच राहिले.

आणि मग १५३०. सेंट जॉनच्या नाइट्सना, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या संघटनेला, ऱ्होड्स बेटावरून तुर्कांनी हाकललं होतं, ते सात वर्षं जागा शोधत होते. सम्राट पाचव्या चार्ल्सने त्यांना माल्टा देऊन टाकलं, भाडं काय तर वर्षाला एक बहिरी ससाणा. एक पक्षी! १४२८ चं वचन कागदावरच राहिलं. बेटावरच्या माणसांना कुणी विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे नाइट्सनाही ही जागा फारशी नको होती, त्यांनी १५२४ मध्ये पाहणीला पाठवलेली माणसं इथल्या खडकाळ, गरीब जमिनीची तक्रारच घेऊन परतली होती.

पण नाइट्स आले म्हणजे त्यांचं भांडणही आलं. १५५१ मध्ये तुर्की आरमार आणि द्रागुत नावाचा जबरदस्त दर्यावर्दी गोझोवर उतरला, किल्ला पडला आणि जवळजवळ सगळी लोकसंख्या, पाचेक हजार माणसं, गुलाम म्हणून नेली. चाळीस म्हातारी माणसं तेवढी मागे सोडली असं सांगतात. गोझोच्या गडावर एका गल्लीला बेर्नार्दो देओपुओ या सैनिकाचं नाव आहे. बायको आणि मुली गुलामीत जाऊ नयेत म्हणून त्याने त्यांना आपल्या हाताने मारलं आणि मग लढत मेला अशी त्याची कथा. जोहाराच्या गोष्टी ऐकून वाढलेल्या आपल्यासारख्या माणसाला त्या गल्लीत उभं राहणं सोपं जात नाही. नंतर कित्येक वर्षं, म्हणजे १६३७ पर्यंत, गोझोच्या लोकांनी रात्री गडावरच झोपायचं असा कायदा होता.

मग १५६५. मे महिन्यात तुर्क उतरले. समोर नाइट साधारण ५००, बाकी स्पेन-इटलीचे सैनिक आणि खुद्द माल्टाचे हजारो गावकरी. बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मोचा छोटा किल्ला चार दिवसांत पडेल असा तुर्कांचा हिशेब होता, तो जवळजवळ महिनाभर लढला, २३ जूनला पडला, तोपर्यंत द्रागुत जखमी होऊन मेला होता. दोन्ही बाजूंनी जे क्रौर्य केलं ते वाचवत नाही, तुर्कांनी प्रेतं लाकडाला ठोकून बंदरात सोडली तर नाइट्सचा प्रमुख ला व्हॅलेत याने तुर्क कैद्यांची मुंडकी तोफेतून उडवली. सप्टेंबरच्या सुरुवातीला सिसिलीहून मदत पोचली आणि वेढा उठला. ८ सप्टेंबरला आजही तिथे राष्ट्रीय सुट्टी असते आणि त्याच बंदरात होड्यांच्या शर्यती होतात. पुढच्या वर्षी, २८ मार्च १५६६ ला, नवीन शहराचा पाया घातला, तेच आजच्या राजधानीचं शहर वॅलेटा. पुस्तकं नाइट्सची नावं सांगतात, पण बंदराकाठच्या बिर्गु गावाच्या तटावर फुटलेली भिंत रात्रीतून भरून काढणारे हात बहुतेक माल्टाच्या बायकापोरांचे होते.

प्रश्न (नाशिक, इयत्ता नववी): माल्टामध्ये पिरॅमिडपेक्षा जुनी देवळं आहेत असं व्हिडिओत बघितलं. खरं आहे का? ती कुणी बांधली?

खरं आहे बेटा, आणि थोडीथोडकी जुनी नाहीत. गोझोवरचं जगांतीया साधारण इ.स.पू. ३६०० चं, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या हजार वर्षं आधीचं. हाजार ईम, इम्नायद्रा, तारशीन ही माल्टावरची. तुलना करायची तर मोहेंजोदडो भरात यायला लागलं तेव्हा माल्टाच्या देवळांचा काळ संपत आला होता आणि आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं दायमाबाद तर त्याच्याही नंतरचं. बांधणाऱ्यांकडे धातू नव्हता. दगडी हत्यारं, शिंगं, दोर, आणि बहुधा दगडी गोळे ज्यावरून मोठ्या शिळा ढकलत नेल्या असतील, कारण असे गोळे देवळांपाशी सापडलेत. काही शिळा ५० टनांच्या आसपास आहेत. इम्नायद्राला तर दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवशी सकाळचा सूर्य बरोबर दारातून आत शिरतो.

जगांतीया या नावातच राक्षस आहे, जायंटमधला जायंट. गोझोचे लोक सांगायचे की सान्सुना नावाची एक राक्षसीण होती, ती डोक्यावर शिळा घेऊन, कडेवर पोर घेऊन, शेंगा खात खात आली आणि तिने हे बांधलं. मला हे वाचल्यावर लगेच आपली पांडवलेणी आठवली, तुझ्या तर गावातच आहेत, कुणी कोरली ते विसरलं गेलं की लोक भीमाचं नाव घेतात.

यातली सगळ्यात विलक्षण जागा जमिनीखाली आहे. हाल सफ्लियेनीचं हायपोजियम. १९०२ मध्ये घरं बांधताना पाण्याची टाकी खणत होते आणि छत फुटून खाली पोकळी लागली. मजुरांनी आधी ते लपवायचा प्रयत्न केला, काम थांबेल म्हणून. खडकात कोरलेली तीन मजली दालनं निघाली, वर बांधलेल्या देवळासारखेच खांब आणि दारं, सगळं कोरून, आणि जवळजवळ ७,००० माणसांचे अवशेष. तिथे भाजलेल्या मातीची एक छोटीशी मूर्ती मिळाली, कुशीवर झोपलेली जाडजूड बाई, तळहातावर मावेल एवढी. मी ती वॅलेटाच्या म्युझियममध्ये बघितली, एका अंधाऱ्या खोलीत एकटीच ठेवलीय, खूप वेळ हलवेना तिथून.

ही देवळं बांधणारे लोक इ.स.पू. २३५० च्या सुमाराला दिसेनासे होतात, म्हणजे त्यांचं बांधकाम थांबतं, नंतर वेगळीच, ब्रॉन्झ वापरणारी, प्रेतं जाळणारी माणसं दिसतात. दुष्काळ आणि नापीक झालेली माती ही कारणं पुढे येतात. आणि एक नवीन गोष्ट सांगतो, पुस्तकात अजून नसेल. पूर्वी असं मानायचे की पहिली माणसं म्हणजे सिसिलीहून आलेले शेतकरी. २०२५ मध्ये लात्निया गुहेतलं संशोधन छापून आलं त्यात दिसलं की साधारण ८,५०० वर्षांपूर्वी तिथे शिकारी लोक होते, हरणं मारत होते, मासे आणि सील खात होते. म्हणजे शिडाच्या होड्या नव्हत्या त्या काळात माणसं उघड्या समुद्रातून शंभरेक किलोमीटर आली होती, रात्रीचं अंधारात सुद्धा काही तास काढून. मोठा होऊन आर्किऑलॉजी करायचा विचार असेल तर कर, तिथे काम भरपूर बाकी आहे.

प्रश्न (पुणे): माल्टाचे लोक कट्टर कॅथलिक आणि भाषा म्हणे अरबी. हे कसं काय?

भाषा अरबीच्या घराण्यातली आहे, पण अरबी म्हटलेलं तिथल्या लोकांना आवडत नाही आणि ते बरोबर आहे, नऊशे-हजार वर्षं ती स्वतःच्या वाटेने चाललीय. अरब ८७० मध्ये आले, अल-हिम्यारी नावाच्या अरब लेखकाने लिहिलंय की त्यानंतर बेट उजाड झालं आणि १०४८-४९ च्या सुमाराला पुन्हा वसवलं गेलं. ती वसवणारी माणसं सिसिलीतली अरबी बोलायची. नंतर नॉर्मन आले, धर्म हळूहळू बदलला, १३ व्या शतकात उरलेले मुसलमान बाहेर गेले किंवा ख्रिश्चन झाले, पण बोली राहिली. वर सिसिलियन आणि इटालियन शब्दांचा मोठा थर बसला, मग इंग्रजीचा. लिपी रोमन. युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषांमध्ये अरबी-हिब्रूच्या कुळातली ही एकटीच.

देवाला ते आल्ला म्हणतात, चर्चमध्ये. ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांना रान्दान, म्हणजे रमजानच. जुन्या राजधानीचं नाव इमदिना, म्हणजे मदिना, शहर. आणि आपल्या कानाला तर मजा येते, कारण फारसीतून मराठीत आलेले अरबी शब्द तिकडे थेट भेटतात. जगाला दिन्या, आपली दुनिया. पुस्तकाला क्तीब, आपली किताब. सोबत्याला, भागीदाराला सीहेब, हा आपला साहेब, मूळ अर्थ सोबतीच. न्यायाला हाक्क लिहितात, आपला हक्क, फक्त शेवटचा क घशात गिळून टाकतात. शर्टाचं पण तसंच, खमीसमधला ख जिथे आहे तिथे नुसता घशाचा झटका देऊन 'मीस' म्हणतात. साबणाला सापून.

कित्येक शतकं राज्यकर्त्यांची भाषा वेगळीच होती. लॅटिन, मग इटालियन, मग इंग्रजी. ही स्वयंपाकघराची, शेताची, गोदीची भाषा मानली जायची. १५ व्या शतकातली पिएत्रु काशारो याची 'कान्तिलेना' ही छोटी कविता एवढीच काय ती जुनी माल्टीज रचना हातात आहे, कोसळलेल्या घराबद्दलची, आणि तीही १९६६ मध्ये जुन्या दप्तरात सापडली. अधिकृत दर्जा मिळाला १९३४ मध्ये. मराठीला राज्यकारभारात जागा मिळवायला काय काय करावं लागलं हे माहीत असणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या घरात सांगतात की खापरपणजोबा लष्करात होते आणि मुंबईहून जहाजाने 'मालट्या'ला गेले होते. लढाई काही झाली नाही, तसेच परत आले. ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही, असं खरंच झालंय आणि 'लढाई झाली नाही' हा तपशील तर अगदी जुळतो. १८७८ साल. रशियाने तुर्कस्तानला हरवलं होतं, रशियन फौजा कॉन्स्टँटिनोपलच्या दाराशी पोचल्या होत्या, आणि ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने रशियाला धाक दाखवायला हिंदुस्थानातून साधारण ७,००० शिपाई माल्टाला मागवले. एप्रिलअखेर मुंबईहून जहाजं सुटली, नऊ वर्षांपूर्वीच उघडलेल्या सुएझमधून मे महिन्यात माल्टाला पोचली. बॉम्बे आर्मीच्या पलटणी होत्या, बॉम्बे आणि मद्रास सॅपर्स, म्हणजे लष्करी बांधकामाच्या तुकड्या, होत्या, गुरखे होते, घोडदळ होतं. हिंदी फौज युरोपात अशी पहिल्यांदाच गेली आणि हे कायदेशीर आहे का यावर लंडनच्या पार्लमेंटमध्ये भांडण झालं. कोकणातून, देशावरून बॉम्बे आर्मीत केवढी भरती व्हायची ते तुम्हाला माहीतच आहे. लढाई झाली नाही, तह झाला, उन्हाळ्यात त्यातले बरेच सायप्रस ताब्यात घ्यायला पाठवले आणि मग परत. घरात जुनं मेडल, पलटणीचा नंबर, पेन्शनचा कागद काही असेल तर जपून ठेवा, नंबर मिळाला की बाकीचं शोधता येतं.

याच बेटाचा आणखी एक हिंदुस्थानी धागा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी माल्टावर मोठी छावणी करून युद्धकैदी ठेवले होते. तुर्क, जर्मन, आणि त्यांच्यात देवबंदचे मौलाना महमूद हसन. रेशमी रुमाल चळवळ म्हणतात ती त्यांची, ब्रिटिश राज्याविरुद्ध बाहेरून मदत जमवण्याची खटपट. मक्केत पकडले, १९१७ मध्ये माल्टाला आणले, सोबत हुसैन अहमद मदनी होते, जे पुढे फाळणीच्या विरोधात ठामपणे उभे राहिले. त्यांच्यातले हकीम नुसरत हुसेन तिथेच वारले. मौलाना १९२० च्या जूनमध्ये सुटून मुंबईच्या बंदरावर उतरले तेव्हा खिलाफतवाल्यांनी त्यांचं मोठं स्वागत केलं, त्याच वर्षाच्या शेवटी ते गेले. उर्दूत 'असीरे माल्टा', माल्टाचे कैदी, असं त्यांना म्हणतात. आपल्या शाळेच्या पुस्तकात अंदमान असतं, मंडाले असतं, माल्टाही यायला हवं.

प्रश्न (मडगाव): वॅलेटात मानोएल थिएटर, फोर्ट मानोएल, पिंटो अशी नावं आहेत. माल्टा पोर्तुगीजांकडे होतं का?

नाही, कधीच नाही. नाइट्सची संघटना वेगवेगळ्या देशांच्या सरदारांची होती आणि त्यांचा प्रमुख निवडून यायचा, तो कधी फ्रेंच, कधी स्पॅनिश, कधी पोर्तुगीज. आंतोनियो मानोएल दि व्हिल्येना (१७२२-३६) आणि मानोएल पिंटो (१७४१-७३) हे पोर्तुगीज होते, एवढंच. त्या दोघांच्या मधल्या काळात, १७३९ मध्ये, इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली, म्हणजे काळाचा अंदाज येईल. थिएटर १७३२ मध्ये उघडलं, अजून चालू आहे.

प्रश्न (ठाणे): तुमच्या लेखात नाइट्सचं कौतुक जास्त वाटलं. ते चाचे होते आणि गुलाम विकायचे असं मी वाचलंय.

तुम्ही बरोबर वाचलंय आणि माझ्या परिच्छेदात ते यायला हवं होतं, ही चूक माझीच. नाइट्सची जहाजं मुसलमान व्यापाऱ्यांची जहाजं लुटायची, माणसं पकडून आणायची, वॅलेटात गुलामांचा बाजार होता आणि गल्बतांची वल्ही गुलाम मारायचे. १७४९ मध्ये गुलामांनी उठावाचा बेत केला, तो फुटला, आणि अतिशय क्रूर शिक्षा झाल्या. त्याच नाइट्सच्या इस्पितळात दीडशे मीटरहून लांब एक सलग वॉर्ड होता आणि रोग्यांना चांदीच्या ताटात जेवण द्यायचे. त्याच नाइट्सनी १६०८ मध्ये इटालियन चित्रकार काराव्हाज्योला आपल्यात घेतलं आणि काही महिन्यांत हाकललंही, पण त्याने सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं जे प्रचंड चित्र काढलं ते अजून तिथल्या चर्चमध्ये आहे, सांडलेल्या रक्तात सही केलेलं. मी तरी यातलं एक सांगून दुसरं झाकणार नाही, पुढे कधी झाकलं तर असंच कळवा.

गुलामी बंद केली नेपोलियनने. इजिप्तला जाता जाता जून १७९८ मध्ये तो आला, नाइट्सनी जवळजवळ न लढता बेट सोडलं, तो फक्त सहा दिवस राहिला आणि तेवढ्यात सगळे कायदे बदलून टाकले. पण चर्चमधली, इस्पितळातली चांदीसुद्धा उचलली. २ सप्टेंबरला इमदिनात चर्चच्या सामानाचा लिलाव लावला आणि लोक भडकले, फ्रेंच कमांडरला मारलं, सगळी गावं उठली. फ्रेंच दोन वर्षं वॅलेटाच्या तटांच्या आत अडकून पडले. मिकिएल शेर्री हा गणिताचा जाणकार पाद्री आतून दरवाजे उघडण्याच्या कटात पकडला गेला आणि जानेवारी १७९९ मध्ये गोळ्या घातल्या. ब्रिटिश आले ते या लोकांनी मदत मागितली म्हणून. आणि १८०२ मध्ये ब्रिटन-फ्रान्सचा तह झाला त्यात काय ठरलं तर बेट पुन्हा नाइट्सना द्यायचं! पुन्हा कुणी विचारलं नव्हतं. माल्टाच्या पुढाऱ्यांनी तेव्हा हक्कांचं जाहीरनामापत्र लिहून काढलं, की ब्रिटिश राजा आम्हाला सोडून जाणार असेल तर पुढे कुणाला नेमायचं ते आम्ही ठरवू. शेवटी १८१४ च्या पॅरिसच्या तहात बेट ब्रिटिशांकडेच राहिलं.

प्रश्न (परभणी, पशुवैद्यकीय विद्यार्थिनी): ब्रुसेलोसिसला माल्टा फीव्हर का म्हणतात?

कारण तिथल्या ब्रिटिश सैनिकांना हा ताप सारखा यायचा. डेव्हिड ब्रूसने १८८७ मध्ये जंतू शोधला, पण येतो कुठून ते कळेना. १९०५ मध्ये तेमी झामित या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवलं की तो वरून ठणठणीत दिसणाऱ्या शेळ्यांमध्ये असतो आणि दुधातून येतो. गवळी शेळ्या दारोदार फिरवून समोरच धार काढून द्यायचे, ताजं दूध म्हणून लोक न उकळता प्यायचे. १९०६ मध्ये सैन्यात शेळीचं दूध बंद केलं आणि रोगी एकदम घटले. आणि वर ज्या हायपोजियमबद्दल लिहिलं त्याचं आणि तारशीनचं उत्खनन याच झामितने केलं. तापाचं कारण शोधणारा आणि पाच हजार वर्षांपूर्वीची देवळं मातीतून काढणारा एकच माणूस.

प्रश्न (कोल्हापूर, माजी सैनिक): माल्टाच्या झेंड्यावर पदक आहे. देशाला पदक कसं मिळालं?

जॉर्ज क्रॉस आहे तो, ब्रिटिशांचं मोठं शौर्यपदक, साहेब, तुम्हाला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. १५ एप्रिल १९४२ ला राजा सहाव्या जॉर्जने अख्ख्या बेटाला दिला. इटली युद्धात उतरली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ जून १९४० ला, पहिले बॉम्ब पडले आणि पुढे तीन हजारांवर हल्ले झाले. जर्मन सेनापती रोमेलच्या आफ्रिकेतल्या फौजेची रसद याच समुद्रातून जायची आणि माल्टावरची विमानं, पाणबुड्या ती बुडवायच्या, म्हणून जर्मनांना हे बेट संपवायचं होतं. एका टप्प्यावर सलग १५४ दिवस हल्ले चालू होते. लोक खडकात खोदलेल्या भुयारांमध्ये राहायचे, जमिनीखाली मुलं जन्मली. ९ एप्रिलला मोस्ताच्या चर्चचा घुमट फोडून बॉम्ब आत पडला, आत प्रार्थनेला अडीच-तीनशे माणसं होती, आणि तो फुटला नाही.

बॉम्बपेक्षा भूक वाईट होती. सरकारी स्वयंपाकघरातून एक वेळचं पातळ जेवण आणि पावाचा तुकडा. ऑगस्टमध्ये १४ मालवाहू जहाजं निघाली, ५ पोचली. त्यातलं शेवटचं ओहायो नावाचं टँकर, मोडलेलं, बुडायला आलेलं, दोन विनाशिकांच्या मध्ये बांधून १५ तारखेला बंदरात ओढत आणलं, मेरीमातेच्या सणाच्या दिवशी. म्हातारी माणसं अजून त्या ताफ्याला सांता मरीयाचा ताफा म्हणतात.

हेही सांगायला हवं की त्याच १९४२ च्या फेब्रुवारीत ४३ माल्टीज लोकांना, इटलीधार्जिणे असल्याच्या संशयावर, खटला न चालवता बोटीत घालून युगांडाला पाठवलं. त्यात माजी सरन्यायाधीश होते, आणि एन्रिको मित्सी होते जे १९५० मध्ये पंतप्रधान झाले. नंतर कोर्टाने ही हद्दपारी बेकायदा ठरवली.

प्रश्न (मुंबई): माल्टाने ब्रिटनमध्ये विलीन व्हायचा प्रयत्न केला होता असं ऐकलं. गुलाम देश असं का मागेल?

पोटामुळे. दीडशे वर्षं अख्खी अर्थव्यवस्था ब्रिटिश गोदीवर आणि तळावर उभी होती, गोदीत मंदी म्हणजे घराघरात मंदी. ७ जून १९१९ ला पावाच्या भावावरून वॅलेटात लोक रस्त्यावर आले तेव्हा ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात चार माणसं मेली, आपलं जालियनवाला बाग दोनच महिन्यांपूर्वीचं. त्यानंतर १९२१ मध्ये थोडं स्वराज्य मिळालं, ते दोनदा काढून घेतलं. तर १९५५ मध्ये मजूर पक्षाचे दोम मिंटोफ निवडून आले आणि त्यांचं म्हणणं असं की ब्रिटनला आमचं बंदर हवंय ना, मग आम्हाला ब्रिटनच्या कामगाराएवढा पगार आणि लंडनच्या पार्लमेंटमध्ये जागा द्या. फेब्रुवारी १९५६ मध्ये मतदान घेतलं. मत देणाऱ्यांपैकी ७७ टक्के हो म्हणाले, पण विरोधी पक्षाने बहिष्कार टाकला होता, चर्चचा विरोध होता, मतदान ५९ टक्केच झालं. मग सुएझचा पेच झाला, ब्रिटनने संरक्षणखर्च कापला, बोलणी फिसकटली, १९५८ मध्ये दंगली. तेच मिंटोफ मग स्वातंत्र्य मागायला लागले. मला यात विसंगती दिसत नाही, दोन्ही वेळा मागणं एकच होतं की आमच्या बंदराची किंमत आम्हाला मिळू दे.

२१ सप्टेंबर १९६४ ला स्वातंत्र्य, १३ डिसेंबर १९७४ ला प्रजासत्ताक. तळ मात्र राहिला, आणि १९७२ मध्ये मिंटोफनी घासाघीस करून त्याचं भाडं वर्षाला १ कोटी ४० लाख पौंडांवर नेलं, सात वर्षांच्या करारावर. १५३० मध्ये भाडं एक ससाणा होतं आणि ते तिसऱ्याच कुणाला जायचं. ३१ मार्च १९७९ च्या मध्यरात्री करार संपला, बिर्गुच्या धक्क्यावर झेंडा उतरला आणि दुसऱ्या दिवशी 'लंडन' नावाची शेवटची ब्रिटिश युद्धनौका बंदरातून बाहेर पडली.

प्रश्न (औरंगाबादहून, आता दुबईत): दोन दिवस हातात आहेत, काय बघू?

हायपोजियमचं तिकीट आधी काढा, दिवसाला फक्त ८० माणसं सोडतात, महिनोन्महिने आधी भरतं. पहिल्या दिवशी वॅलेटा आणि संध्याकाळी छोट्या होडीने बंदर ओलांडून बिर्गु. दुसऱ्या दिवशी फेरीने गोझो, सकाळी जगांतीया, दुपारी गड. गोझोच्या किनाऱ्यावरची ती प्रसिद्ध दगडी कमान शोधत बसू नका, ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. गडाच्या तटावर चढलात की चारी बाजूंनी समुद्र दिसतो, तिथे थोडा वेळ थांबा, आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा, वर ऊन फार लागतं.